भिंतीपलीकडे कोण झोपलंय?

माझा आवाज मोठा आहे. माहेर तारापूरकडच्या किनाऱ्यावर, बाप बोटीवर, आई मासळी विकायची. वाऱ्यात आणि इंजिनाच्या घरघरीत बोलायचं तर ओरडावंच लागतं, आणि मग घरातही तीच सवय राहते. लग्न होऊन सालवडला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, कुणाशी भांडतेयस? भांडत कुठे होते, चहात दूध किती टाकू एवढंच विचारत होते. आणि अशा बाईच्या वाट्याला अंगणवाडी आली ती कुठली, तर जिथे दुपारपर्यंत चकार शब्द काढायचा नाही अशी.

आमच्या केंद्राला स्वतःची इमारत नव्हती. भाड्याची खोली घ्यायची आणि सरकारकडून भाडं मिळवायचं, अशी व्यवस्था. पण ते भाडं आडगावाच्या हिशोबाचं होतं, आणि सालवडला तर बोईसरच्या कंपन्यांमुळे कोंबड्यांच्या खुराड्यालाही भाडेकरू मिळतो. तेवढ्या भाड्यात एकच घरमालक तयार झाला. चाळीतली शेवटची खोली दिली आणि एकच अट घातली. बाकीच्या खोल्यांमध्ये रात्रपाळीवाले राहतात, ते सकाळी येऊन दुपारपर्यंत झोपतात, त्यांची झोप मोडता कामा नये. मला ते पटलं. माझा नवराही कंपनीत आहे. दिवसाची झोप मोडलेला माणूस रात्री मशीनवर डुलक्या घेतो आणि हात कुठे सापडेल ते सांगता येत नाही, हे मला कुणी समजवायला नको होतं.

मग आमचं सगळंच हळू. बेडकाचं गाणं हळू, अंक हळू, नाव पुकारलं की हजरही हळू. पोरं खेळणं हिसकावून घेताना भांडायची, तेही कुजबुजत. नवीन आलेलं मूल आधी भोकाड पसरायचं, आणि आठ-पंधरा दिवसांत फ्रॉक नाहीतर शर्ट तोंडात धरून रडायला शिकायचं. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण करणार काय? आवाज चढलाच तर शेजारच्या खोलीतून भिंतीवर दोन थापा पडायच्या. थापा ऐकल्या की सगळी पोरं एकदम ओठांवर बोट ठेवायची.

त्या भिंतीपलीकडे जो झोपायचा त्याची मुलगी माझ्याच केंद्रात होती. मराठवाड्याकडचं कुटुंब, बाप रात्रपाळीला, आई दिवसपाळीला, आणि राहायला एक खोली. बाप झोपला की पोरीला घरात जागा नाही, म्हणून ती सगळ्यांच्या आधी माझ्या दारात. चार वर्षांची असेल. गप्पा मारायला अशी पटाईत, की कानाशी तोंड आणून तासभर सांगत बसायची. पण सगळं कानात. तिचा खरा आवाज कसा आहे, ते मला माहीतच नव्हतं.

अशात अंगणवाडी सेविकांच्या एका मीटिंगमध्ये सरकारी पत्र वाचून दाखवलं. भाड्याच्या केंद्रांचं भाडं वाढवलंय. आम्ही बायकांनी टाळ्या वाजवल्या. पत्राचं दुसरं पान नंतर वाचलं. वाढीव भाडं द्यायच्या आधी प्रत्येक केंद्राची तपासणी होणार. जागा योग्य नसेल किंवा मुलांची प्रगती दिसत नसेल, तर ते केंद्र जवळच्या केंद्रात विलीन. आमच्या जवळचं केंद्र मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. त्या रस्त्यावरून टँकर आणि कंपनीच्या बसगाड्या सुसाट जातात. तीन वर्षांचं पोर तो रस्ता ओलांडणार कसं, आणि पोचवायला येणार कोण? आया कामावर, बाप झोपेत. विलीन म्हणजे माझी पोरं पुन्हा घरात, झोपलेल्या बापाच्या उशाशी तोंड मिटून बसणार. त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला.

तपासणीला आमच्या नवीन सुपरवायझर मॅडम आल्या. उमरोळीला राहायच्या, बाई कडक, पण वाईट नव्हती. त्यांनी वजनकाटा बघितला, खिचडी चाखली, आणि मग मुलांना नावं विचारायला घेतली. सगळ्यात हुशार म्हणून मी त्या पोरीला पुढे केलं. तिने नाव सांगितलं. मॅडमना ऐकू गेलं नाही. मोठ्याने सांग म्हणाल्या, तर ती भिंतीकडे बघायला लागली. दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं, तेच. मॅडमनी मान हलवली आणि लिहिलं, मुले बोलण्यात मागे.

माझं डोकंच फिरलं. मागे? ही पोरगी मागे? जो किनाऱ्यावरचा आवाज मी इतके दिवस गिळून ठेवला होता, तो सगळा बाहेर आला. पोरांना काय काय येतं ते मी सांगायला लागले आणि भिंतीवर दोन थापा पडल्या. सगळ्या पोरांनी ओठांवर बोट ठेवलं. माझ्याकडे बघून ठेवलं, आणि मग मॅडमकडे बघूनही.

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी त्या पोरीला जवळ घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, तिकडे कोण आहे? पोरीने त्यांच्या कानाला तोंड लावलं.

"माझे पप्पा. झोपलेत."

मॅडमनी ‘मागे’ हा शब्द खोडला. मला वाटलं, सुटलो. पण त्या हळूच म्हणाल्या की मग जागाच योग्य नाही, असं लिहावं लागेल. म्हणजे काहीही लिहिलं तरी विलीनच! मी हातापाया पडायच्या बेतात होते. म्हटलं, वाढीव भाडं देणारच आहात, तर त्या भाड्यात रस्त्याच्या अलीकडे दुसरी जागा बघते, तेवढी सवड द्या. त्यांनी थोडा विचार केला. पुढच्या मीटिंगच्या आधी जागा दाखवायची, आणि तिथे मुलं बोलताना त्यांनी स्वतः ऐकली पाहिजेत, एवढ्यावर त्या उठल्या.

जागा शोधताना नाकी नऊ आले. सरकारने भाडं वाढवलं ही बातमी माझ्याआधीच सगळ्या सालवडभर पोचली होती, त्यामुळे ज्याच्या दारात जावं त्याचंही भाडं कालच वाढलेलं. शेवटी गल्लीच्या टोकाला बंद पडलेली पिठाची गिरणी मिळाली. शटरचा गाळा असल्यामुळे राहायला कुणी घेत नव्हतं. मागे संडास होता, नळ होता. केंद्राची मदतनीस आणि मी मिळून कोपऱ्याकोपऱ्यातलं पीठ खरवडून काढलं.

मॅडम येणार त्याच दिवशी पोरं पहिल्यांदा तिथे बसली. मी म्हटलं, चला, आता मोठ्याने गाणं म्हणायचं. पोरांनी बेडकाचं गाणं म्हटलं, कुजबुजत. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. ती पोरगी उठून माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली,

"बाई, इथं कोण झोपलंय?"

कुणी नाही म्हणून सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही, कुणाचाच बसला नाही. त्यांच्या माहितीत प्रत्येक भिंतीमागे कुणीतरी झोपलेलंच असतं. मला रडूच आलं. पण रडत बसायला वेळ नव्हता. मी सगळ्यांना हाताला धरून गिरणीच्या मागे नेलं. मागे मोकळा प्लॉट, गवत, आणि दोन शेळ्या चरत होत्या. पोरांनी नीट बघून घेतलं. आत आल्यावर त्या पोरीने भिंतीला कान लावला. मग भिंतीवर दोन थापा मारल्या आणि वाट बघितली. आणखी दोन मारल्या. पलीकडून काही आलं नाही. तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून स्वतःचं नाव ओरडली. चांगला खणखणीत आवाज होता. मग काय, सगळी पोरं भिंतीला भिडली आणि आपापली नावं ओरडायला लागली.

मॅडम आल्या तेव्हाही ते चालूच होतं. त्या दारातच कानावर हात ठेवून उभ्या राहिल्या. पोरांना त्यांनी काही विचारलं नाही. केंद्र याच जागी चालू ठेवावे, असं लिहिलं आणि चहा घेऊन गेल्या.

पुढच्याच आठवड्यात त्या पोरीची आई कामावर जायच्या आधी घाईघाईने आली. डोळे सुजलेले होते.

"बाई, ती आता घरी पण वरडती. हिच्या पप्पाला झोप मिळंना झालीय. तिला परत हळू बोलायला शिकवा."

तिचं चूक नव्हतं. तो माणूस रात्री मशीनवर उभा राहतो. पण ती पोरगी माझ्या शेजारी उभी होती, आणि आईचं ऐकून तिने फ्रॉकची कड तोंडाकडे न्यायला सुरुवात केली होती.

"ते माझ्याच्यानं नाय होणार," मी म्हटलं. "त्यापेक्षा बाप उठेपर्यंत पोरगी माझ्याजवळ राहू दे."

तेव्हापासून बाकीची पोरं गेली तरी ती थांबते. आम्ही दोघी शटर अर्धं ओढून जेवायला बसतो. माझ्या डब्यातली सुकट तिला तिखट लागते, आणि ती ते रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगते.