कासवांचे प्रमुख पाहुणे

कोपरीहून बस सुटली तेव्हा ती निम्मी रिकामी होती, डोंबिवलीत भरली. माझ्या शेजारची जागा तेवढी राहिली. सहल काढणारा तरुण म्हणाला, "काका, बॅग ठेवा ना तिथे, आरामात बसा." ती जागा माझ्या बायकोची, सुधाची होती. कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायची, असं आम्हा दोघांचं ठरलं होतं. मधल्या काळात ती गेली. बॅग मी मांडीवरच ठेवली.

पुढच्या सीटवरच्या बाळकुमच्या यशोदाबाई वळून म्हणाल्या, "एकलेच का भाऊ?"

"हो."

"मी पन." त्यांनी भाकरी आणि जवळ्याची चटणी (बारीक सुक्या कोळंबीची) पुढे केली. "आमचे मालक जाल्यान कासव गावला तं हलदकुंकू लावून सोराचे. देवलातला कासव, त्याला कोन धरल?"

संध्याकाळी तरीतून (होडीतून) बेटावर उतरलो. सकाळी किनाऱ्यावर गेलो, तर समुद्राच्या आधी मंडप दिसला. शाली, श्रीफळं, माइक, सगळं हजर. फक्त प्रमुख पाहुणे नव्हते. घरट्यांची राखण करणारा दिलीप टोपली घेऊन उभा होता. पहाटे वाळूतून वर आलेली पिल्लं तिच्यात वळवळत होती.

"ऊन चढतंय," तो सरपंचांना म्हणाला. "वाळू तापली की मरतील ती."

"साहेब निघालेत. दहा मिनिटं."

साहेब बराच वेळ निघालेलेच होते. टोपलीतली वळवळ मंदावली.

यशोदाबाई उठल्या. "कवरा वेल थांबाचा? पावने तं कवाचे आलेत! ठान्याचे मोठे सायेब हायेत ते!"

त्यांनी माझ्या दिशेने बोट दाखवलं, म्हणून मी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

सरपंचांनी माझा पांढरा शर्ट पाहिला, चष्मा पाहिला, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. गौरवग्रंथांतली विशेषणं वाचून घरी जायचो आणि सुधापुढे समारंभांच्या नकला करायचो. ती हसून बेजार व्हायची. आता माझ्याच खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, तोंडापुढे माइक.

मी म्हणालो, "सोडा."

टाळ्या झाल्या. दिलीपने टोपली वाळूवर कलती केली.

बिस्किटाएवढी पिल्लं पाण्याकडे निघाली. यशोदाबाईंनी कुंकवाची पुडी काढली.

"मावशी, पिल्लांना नको हं!" दिलीप म्हणाला.

"पान्याला लावते रं, तुला काय?"

लोक घावणे खायला मंडपाकडे वळले. एक पिल्लू मागे राहिलं होतं. चार पावलं जायचं, थांबायचं.

"उचलून पाण्यात ठेवू?" मी दिलीपला विचारलं.

"नको काका. त्याचं त्याला जाऊ दे."

घावणे थंड होऊ दिले आणि उभा राहिलो. शेवटी एक लाट आली आणि त्याला घेऊन गेली. आयुष्यात त्याला आई भेटणार नव्हती, आणि त्याची त्याला काही तक्रार दिसली नाही. मला तेवढं जमत नाही.

परतताना कोपरीला उतरलो. "सायेब, शाल धुवू नका, रंग जाल," असं बजावून यशोदाबाई रिक्षात बसल्या.

घरी आलो, दिवा लावला. शाल खांद्यावर घेतली, नारळ छातीशी धरला आणि मान जरा वर करून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. इतकी हुबेहूब नक्कल मला कधीच साधली नव्हती.

आत कोणी हसलं नाही.