वामन वायरमन आणि बंद पडलेलं क्रूझ

वामन भोयेला खोडाळ्यात अजूनही वायरमन म्हणूनच ओळखतात. रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी पाड्यावर फ्यूज उडाला की माणूस आधी त्याच्याच दारात येतो. उभ्या नोकरीत तो मोखाड्याच्या डोंगरांतले खांब चढला. सूर्यमाळच्या अंगाला एकदा ओल्या खांबावरून घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण वाकडं. त्या हाताने तो भात कालवतो, विळा धरतो, सहीसुद्धा करतो. फक्त एखादी वस्तू पिळून बराच वेळ तशीच धरून ठेवणं त्याला जमत नाही. करंगळीपासून मुंग्या सुरू होतात आणि बघता बघता कोपरापर्यंत चढतात.

मोटरसायकलवर तर तेवढंच करायचं असतं.

त्याची बायको जमुना वलसाडला असते. मुलगी योगिता तिथे एका दवाखान्यात नर्स आहे, जावई कारखान्यात. दोघांच्याही पाळ्या. योगिताच्या बाळंतपणाला जमुना तीन महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला आता तीन वर्षं झाली. नात सोनी आजीशिवाय झोपत नाही. यात कुणाचं चुकतंय असं वामनला कधी वाटलं नाही. त्याने स्वतः तिकडे जाऊन राहायचं, तर दोन बैल, सहा शेळ्या आणि उतारावरची नागली कुणाच्या गळ्यात घालायची? म्हणून महिन्यातून दोन शनिवार शेजारच्या सकूला गुरं सांगून तो निघायचा आणि रविवारी उजाडायच्या आत वलसाड सोडायचा, ट्रकांची गर्दी वाढायच्या आधी.

जव्हार, विक्रमगडपर्यंत वळणं असतात, मूठ सैल करायला मिळते. मनोरला हायवे लागला की हाताची परीक्षा सुरू. सरळ रस्ता, एकच वेग. दर वीस किलोमीटरवर थांबून तो हात झटकायचा. दिवाळीच्या तोंडावर जावयाने हे पाहिलं आणि वलसाडच्याच एका दुकानातून गाडीला क्रूझ कंट्रोल बसवून दिलं. गाडीसोबत आलेलं नव्हे, वरून बसवलेलं. टाकीखाली एक डबा, त्यातून कार्ब्युरेटरकडे जाणारी बारीक केबल, वेग मोजायला मागच्या चाकावर चिकटवलेलं लोहचुंबक आणि हँडलवर दोन बटणं. साठचा वेग धरून बटण दाबलं की तो डबाच केबल ओढून ठेवतो. मूठ सोडली तरी गाडी तशीच पळते. ब्रेकला पाय लागला की डबा सोडून देतो. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा वामन हायवेवर एकटाच मोठ्याने हसला होता.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी परतताना त्याने बटण दाबलं तर डबा ढिम्म. आदल्याच दिवशी वलसाडला जाताना छान चालला होता. पुन्हा दाबलं, गाडी बंद करून चालू केली, पुन्हा दाबलं. काही नाही. घरी पोचेपर्यंत बोटं सुजली होती. त्या दिवशी भाकरी थापायला घेतली ती अर्धवट टाकून तो आडवा झाला.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "काका, ऐसे फोन पे क्या बोलूं? गाडी इधर ले आओ."

गाडी तिथवर न्यायलाच तर ते क्रूझ हवं होतं. वामनने फोन ठेवला आणि जुनी हत्यारांची पिशवी काढली.

रोज गुरांचं आवरून तो पडवीत गाडीशी बसे. फ्यूज पाहिला, शाबूत होता. मागचं चाक वर उचलून हाताने फिरवलं, तर चुंबक फिरेल तसा वायरला लावलेल्या मीटरचा काटा उड्या मारत होता. म्हणजे वेग कळतोय. डबा इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालतो, म्हणून रबरी नळी सोडवून तिचं दुसरं टोक बोटाने दाबलं आणि तोंडाने हवा ओढली. नळी जिभेला चिकटून राहिली. गळती नाही. बटणं उघडून साफ केली. पेडलचा ब्रेक स्विच मीटर लावून तपासला, तोही ठीक. आठ दिवसांत गाडीची एकही वायर त्याच्या हातून सुटली नाही. सगळं बरोबर होतं आणि चालत काहीच नव्हतं.

एक शनिवार असाच गेला.

"येत नाहीस का?" जमुनाने फोनवर विचारलं.

"गाडीचं काम काढलंय."

"बरं," ती म्हणाली. मागे सोनी गुजरातीत काहीतरी ओरडत होती. ते वामनला कळलं नाही, आणि ती काय म्हणते ते विचारायच्या आत फोन ठेवला गेला.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याने किल्ली फिरवून पाहिली. गाडीची पाठ कुडाच्या भिंतीकडे होती. चुकून पेडलवर पाय पडला आणि भिंत एकदम लालभडक झाली. पाय काढला, लगेच अंधार. वामन थबकला. जुना बल्ब असा पेटत नसे. तो निखाऱ्यासारखा हळूच फुलायचा, हळूच विझायचा. त्याने स्क्रू काढून मागच्या दिव्याची काच उतरवली. आत काचेचा बल्ब नव्हताच. दाणे लावलेला एलईडी होता.

तीन पावसाळे खांबावर काढलेल्या नव्या पोराला कळावी इतकी सोपी गोष्ट होती, आणि ती त्याला पंधरा दिवस दिसली नव्हती. जुन्या बल्बात तार असते. ब्रेक मोकळा असताना डबा त्या तारेतून अर्थिंग चाचपतो. ते मिळालं की ब्रेक ठीक आहे असं समजून गाडी धरतो. एलईडीतून ते मिळत नाही. डब्याला वाटतं ब्रेकची वायर तुटली आहे, आणि मग तो गाडी धरायलाच तयार होत नाही.

त्याने जमुनाला फोन लावला.

"गाडीचा मागचा बल्ब कुणी बदलला?"

"मीच बदलून घेतला. खालच्या गॅरेजवाल्याकडून. तू दुपारी झोपला होतास तवा."

"सांगितलं का नाय?"

"सांगितलं असतं तर नको म्हणाला असतास. तू अंधारात निघतोस, मी गॅलरीत उभी असते. फाटकाबाहेर पडलास की दिसतच नव्हतास. एवढुसा मिणमिणता दिवा. मागून ट्रक येतात, त्यांना तरी दिसायला नको?"

ती गॅलरीत उभी असते हे वामनला ठाऊक नव्हतं. फाटकातून निघताना त्याने कधी मागे वळून पाहिलं नव्हतं.

"बिघडलं का काय त्याने?" तिने विचारलं.

"नाय," वामन म्हणाला. "बिघडलं कायच नाय. उजेड चांगला पडतो."

दुसऱ्या दिवशी त्याने जव्हारहून एक साधा छोटा बल्ब आणला, एलईडीच्या वायरींना जोडून सीटखाली बांधून टाकला. डब्याला हवी ती तार मिळाली आणि जमुनाचा दिवा जागच्या जागी राहिला. खोडाळ्याबाहेरच्या सपाट रस्त्यावर बटण दाबलं, मूठ सैल केली. गाडी धावत राहिली.

त्या शनिवारी तो वलसाडला गेला. जेवताना त्याने विचारलं, "तू कधी येतेस?"

"सोनी शाळेत जायला लागली की बघू," जमुना म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी आमटी वाढली. शाळा लागली की पोरीला आणायला-सोडायला कुणीतरी लागणार, हे दोघांनाही माहीत होतं. योगिताने ताटावरून मान वर केली नाही.

रविवारी पहाटे फाटकाशी त्याने गाडी थांबवली आणि मागे पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर पदर डोक्यावर घेतलेली ती उभी होती. त्याने हात वर केला. तिनेही केला. मग तो निघाला.

हायवेवर डब्याने गाडी धरली ती मनोरपर्यंत. हात दुखेना, थांबायचं कारण उरेना. एरवी पुढचा थांबा किती लांब, बोटं कितपत टिकतील, याच हिशोबात वाट सरायची. आता डोकं रिकामं होतं आणि त्यात काहीही येत होतं. घराच्या किती खोल्यांत महिनोन्महिने दिवा लागत नाही, हेसुद्धा.

दहा वाजता तो पाड्यावर पोचला. एरवी दुपार टळून जायची, अंग ठणकत असायचं, झोपेतच रविवार संपायचा.

सकू शेळ्या सोडत होती. "लवकर आलास?" तिने विचारलं.

"हां. गाडी बरी झाली."

"बरं झालं," असं म्हणून सकू शेळ्यांमागे उतारावर गेली.

वामन दारात उभा राहिला. अंगात थकवा नव्हता. ऊन अजून कोवळं होतं. सकूने बैलांना वैरण टाकलेली होती, तरी त्याने आणखी एक पेंढी सोडली आणि ते खाईपर्यंत तिथेच बसून राहिला.