हार घातलेला एक नंबर

वाटून घेतलं की कोणतंही काम हलकं होतं, या एका शोधावर माणसाची सगळी संस्कृती उभी आहे. आमच्या कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेच्या उद्घाटनात हे वाक्य मीच बोललो होतो आणि त्याला टाळ्याही पडल्या होत्या. त्या दिवशी प्रयोगशाळेतले वीस संगणक एकमेकांना जोडलेले नव्हते. जोडणीची तार पुढच्या वर्षी आली.

आमचं कॉलेज धारूरच्या बाजूला, डोंगराच्या कडेला आहे. तार आल्यावर प्राचार्यांनी दारावर फ्लेक्स लावला, 'महासंगणक केंद्र'. मी हसलो, पण फ्लेक्स काढा असं काही म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं, कारण पुढे मीच त्या फ्लेक्सवर विश्वास ठेवला.

एमएस्सीची एक विद्यार्थिनी होती. आईवडील ऊसतोडीला जायचे; तिचीही लहानपणीची बरीच वर्षं दिवाळीनंतर उसाच्या फडातच गेलेली. तालुक्यातल्या शेततळ्यांत कोणत्या महिन्यात किती पाणी असतं, हे उपग्रहाच्या चित्रांवरून काढायचा तिचा प्रकल्प होता. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तिची निवड जवळपास झाली होती. पूर्ण प्रकल्प शनिवारी दुपारी बारापर्यंत पोचला नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

एका संगणकावर हे काम कितीतरी आठवडे चाललं असतं. ती म्हणाली, "सर, अर्धाच तालुका घेते. माझ्या लॅपटॉपवर होईल कसंबसं." मी म्हणालो, "अर्धा कशाला? आपल्याकडे वीस आहेत." तिने अर्ध्याचा विचार सोडला. त्यानंतरचा आठवडा मी धड जेवलो नाही.

तालुक्याच्या चित्रांचे आम्ही आठशे पट्टे पाडले. माझ्या टेबलावरचा एकविसावा संगणक पट्टे वाटणार आणि झालेले परत गोळा करणार. वीस संगणकांना प्रत्येकी चाळीस. हिशेब इतका सुबक होता की मला त्याचा संशय यायला हवा होता. प्रत्येक संगणकात दोन गणकं म्हणजे कोअर असतात, दोन्ही एका पट्ट्याला भिडतात, हे मी तिला फळ्यावर समजावू लागलो. ती म्हणाली, "कळलं सर. कोयत्यासारखं. नवरा-बायको दोन, पण मोजायचा एक कोयता."

प्रयोगशाळा दुपारी दोन ते पाच मोकळी असायची. सोमवारी सुरू केलं. बुधवारी पाच वाजता एकोणीस संगणकांचे चाळीसच्या चाळीस पट्टे झाले होते. एक नंबरचे झाले होते नऊ.

एक नंबर म्हणजे उद्घाटनाचा संगणक. नारळ त्याच्यासमोर फुटला होता, त्यामुळे तो देवस्थानासारखाच झाला होता. त्याच्या पडद्यावर उद्घाटनाची चित्रफीत अखंड चालू ठेवायची, असा प्राचार्यांचा आदेश होता. शिपाई मामा दर गुरुवारी त्याला झेंडूचा हार घालायचे. डब्याला गळा नसल्यामुळे तो मागच्या बाजूने, बरोबर पंख्याच्या जाळीवर बसायचा. संगणक तापायचा आणि जीव वाचवायला सावकाश चालायचा.

गुरुवारी मामा नवा हार घेऊन आले तेव्हा मी जाळीवर हात ठेवून उभा होतो. हात भाजत होता. मामांनीही हात लावला आणि संगणकालाच विचारलं, "काहून रुसलास रं तू?"

"मामा, हार काढा," मी म्हणालो.

"मी न्हाई काढणार. शनिवारी लई मोठे पाव्हणे हायेत. सायेब म्हणले, एक नंबरला कुणी हात लावायचा न्हाई. तुमी बोला त्यांच्याशी."

बोललो. प्राचार्य म्हणाले, "सर, एकोणीस झाले ना? मग पंच्याण्णव टक्के झालंच की." उरलेल्या पाच टक्क्यांत तालुक्याचा अख्खा दक्षिणेचा कोपरा होता. आणि एक नंबरच्या चालीने एकतीस पट्टे पुढच्या आठवड्यातही संपणार नव्हते. एकोणीस संगणक काम संपवून गार बसले होते आणि सगळं एकावर अडलं होतं. हे मी जाऊन तिला सांगितलं.

ती म्हणाली, "सर, रागावू नका. तुमी पहिल्या दिवशीच सगळा फड वाटून मोकळे झालात. आमचा मुकादम असं करीत न्हाई."

"काय करतो?"

"एकेक पात देतो, उसाच्या दोन-चार सऱ्या. पात संपली की दुसरी माग. ज्याचा हात चालतो त्याच्या वाट्याला जास्त येतात. अन् गाडी भरायची येळ झाली, एखादा मागंच राहिला, तर बाकीचे त्याच्या पातीला समोरून लागतात. तो हिकडून तोडत येतो, हे तिकडून. मधी गाठ पडती."

"त्याला वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. वर शिव्याबी खातो. पण गाडी जाती."

वीस वर्षं मी हा विषय शिकवतोय. एवढंच सांगायला वर्गात चार व्याख्यानं लागायची, आणि त्यांत शिव्या नव्हत्या.

वाटपाची आज्ञावली बदलायला हवी होती. गुरुवारी दुपारी लाईट गेली ती आलीच नाही. शुक्रवारी पाहुण्यांसाठी साफसफाई म्हणून प्रयोगशाळेला कुलूप. तिने ग्रंथालयात बसून लॅपटॉपवर आज्ञावली लिहिली. मी समोर बसून चुका शोधत होतो आणि दर पाच मिनिटांनी बॅटरी किती उरली ते विचारत होतो. शेवटी तिनेच सांगितलं, "सर, तुमी चहा पिऊन या."

शनिवारी सकाळी लाईट आली आणि साडेदहाला कुलूप निघालं. दारात रांगोळी, आत पाहुणे, एक नंबरसमोर समई. मागच्या रांगेतून आम्ही काम सुरू केलं. एक नंबर दहाव्या पट्ट्यावर होता. त्याला तसाच ठेवला. बाकीचे एकोणीस त्याच्याच चाळिसाव्या पट्ट्यापासून उलटे निघाले, एकेक पट्टा मागत. प्राचार्य माहितीयुगावर बोलत होते. मी छताच्या पंख्याकडे पाहत होतो; तो थांबला की सगळं संपलं. अकराव्या पट्ट्यापर्यंत बाकीचे पोचले आणि उरला फक्त दहावा, जो एक नंबरच्या हातात होता.

"तोच पट्टा सात नंबरलाबी देते," ती कुजबुजली. "ज्याचा आधी होईल त्याचा घ्यायचा."

सात नंबरचा आधी झाला. सगळे पट्टे एकत्र आले, तिने मोबाईलच्या नेटवरून फाईल लावली. पाठवल्याची पोच आली तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी पाणी प्यायलो. माझा पेला संपायच्या आत पंखा थांबला.

तिची निवड झाली. कॉलेजने अभिनंदनाचा फ्लेक्स लावला: 'आमच्या महासंगणकाची किमया'. त्यावर ती, प्राचार्य, पाहुणे आणि मध्यभागी हार घातलेला एक नंबर आहे. पडदा काळा आहे, कारण फोटो काढला तेव्हा लाईट गेलेली होती.

एक नंबरने आपला दहावा पट्टा सोमवारी दुपारी पूर्ण केला.