येऊन राहिला

राज्याच्या पूर्व टोकाला, कोहमाऱ्याच्या चौकातल्या ढाब्यावर मी रोट्या भाजायचो. समोर पंक्चरवाले काका बसत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. ट्यूब पाण्यात बुडवली, की बुडबुडा दिसेपर्यंत ते श्वाससुद्धा हळू घेत. हत्यारांच्या पेटीत त्यांचा बायबलचा जुना करार असे, रबरात गुंडाळलेला.

दादाचं नोकरीचं पत्र रागानं फाडून मी सांगलीहून पळालो होतो. नववीत माझी शाळा सुटलेली, त्यात हे पाप. सांगितलं फक्त काकांना. त्यांनी मला याकोबाची गोष्ट सांगितली. मोठ्या भावाचा, एसावचा, आशीर्वाद त्यानं फसवून घेतला, वीस वर्षांनी भीत भीत परतला आणि भावापुढं सात वेळा जमिनीपर्यंत वाकला.

"एसावनं मोजलंच नाही," काका म्हणाले. "धावत आला अन् गळ्यात पडला. तू काऊन भेऊन राहिला? लाव फोन."

लावला. दादाचा "हॅलो" ऐकला आणि मी फोन काकांपुढं केला. काकांनी तो घेऊन स्पीकर लावला. "तुमचा भाऊ येऊन राहिला जी."

त्यांच्याकडं याचा अर्थ 'येतोय'. आमच्याकडं 'येऊन थांबलाय'. मी समजावणार, तोच फोनमधून कडी काढल्याचा आवाज आला. मग दादा अंगणातून ओरडायला लागला, "कुठं हायस रं? दिसंना की!"

मला रडू आवरेना. काकांनी फोन माझ्या हातात दिला.

त्यांचं बोलणं खोटं पडू नये, म्हणून मी त्याच दुपारी निघालो.