सीटची पिन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर मी तंबाखूसुद्धा लपवू शकलो नाही.

आमच्या गावात, आष्टीत, दर झेंडावंदनाला मला मानाची खुर्ची असते. "काका, झेंडा तुमीच चढवायचा. लढाईत विमान सांभाळलंय तुमी, बराबर हाय ना?" सरपंच म्हणतो. काय सांगू त्याला? खाई त्याला खवखवे. मी झेंडा चढवतो.

तरुणपणी मी हवाई दलात होतो, सरहद्दीजवळच्या तळावर. एका लढाऊ विमानाची देखभाल माझ्याकडे होती. विमान पडायला लागलं की वैमानिकानं हँडल ओढायचं, सीट त्याला घेऊन बाहेर उडते. जमिनीवर चुकून उडू नये म्हणून तिला लाल पट्टीची पिन लावलेली असते. उड्डाणाआधी ती काढायची, चाकांच्याही काढायच्या, आणि सगळ्या हात वर करून आत बसलेल्या वैमानिक साहेबांना दाखवायच्या. त्यांनी मान हलवली की विमान निघालं.

त्या दिवशी अचानक भोंगा वाजला. साहेब आतून जल्दी, जल्दी खुणावत होते. मी लाल पट्ट्यांची मूठ वर केली. त्यांनी मोजल्या नाहीत — माझ्यावर भरवसा होता ना! विमान आभाळात गेल्यावर मी मूठ उघडली. चाकांच्या पिना होत्या. सीटची नव्हती.

टेलिफोन शेजारीच होता. एक शब्द कळवला असता, तर रेडिओवरून निरोप गेला असता आणि साहेबांनीच हात मागे घालून पिन उपसली असती. घाईत चूक होते, मान्य — पण ते गप्प राहणं? ते मी शुद्धीत राहून केलं. कोर्टमार्शलला भ्यालो. वर माणूस अडकलाय हे ठाऊक असून टेलिफोनकडे नुसता बघत राहिलो.

विमान परत आलं. पंखाला भोकं, मागून धूर. उतरल्यावर सीटला पिन लावायचीच असते. ती लागलेलीच होती. कुणाला काय कळणार? साहेबांनी खाली उतरून मला मिठी मारली.

आता त्यांनीही ऐंशी ओलांडलीय. दर दिवाळीला फोन करतात आणि तेच सांगतात — विमान पेटलं तेव्हा हात हँडलवर गेला होता. पण म्हटलं, सीट तयारच आहे, अजून थोडं रेटून बघू. तुझ्या भरवशावर परत आलो रे.

"जी साहेब," मी म्हणतो. यंदाही म्हणालो.