बाहेरच्या पोरीला मी बडोद्याची केली

आता स्वतःच्याच तोंडाने स्वतःची अक्कल किती काढू? पण चहा पाजलात, तर ऐका. मधे हसायचं नाही.

खंडेराव मार्केटात मी लिंबं-मिरच्या विकत असे, तेव्हाची गोष्ट. घरोघरी केबलच्या वायरी नुकत्याच लोंबायला लागल्या होत्या. बहिणीची नात वैशू कराडहून आमच्याकडे आली. काय, तर इथल्या युनिव्हर्सिटीत चित्रकला शिकायची! बाप म्हणालेला, एकदाच जा. नाही मिळालं तर परत येऊन मुकाट्याने डी.एड. कर.

पोरीचा हात म्हणजे काय हो! दुकानावर तासभर बसली आणि माझं तोंड असं काढलं, की आमची ही म्हणाली, "ओरडताना अगदी अस्सेच दिसता." मी चौथी नापास, पण मलाही कळलं, हे पाणी वेगळं आहे.

भानगड एकच. बाहेरच्या राज्यातल्या पोरांना जागा बोटांवर मोजण्याइतक्या. त्यासाठी पार बंगाल-केरळातून पोरं आलेली. सयाजीगंजात फुटपाथवर बसून चित्रं काढत होती. एकेकाचं काम बघून वाटलं, आपल्या पोरीचं कठीण आहे.

वैशू सरावात गुंतलेली, म्हणून फॉर्म द्यायला मी गेलो. त्यात तिने राज्य लिहिलेलं महाराष्ट्र. खिडकीवरच्या भाईने सहज विचारलं, "काका, छोकरी बहारनी छे?"

बाहेरची? अहो, माझा पणजा इथल्या सरकारी पागेत शिपाई! पाच पिढ्या बडोद्यात गेल्या आणि आम्ही बाहेरचे? डोकंच फिरलं. म्हटलं, पोर लिहिताना चुकली, इथलीच आहे. तो म्हणाला, मग खोडा आणि बाजूला सही करा. खोडलं, केली सही. इथल्यांना जागा जास्त, एवढं मलाही ठाऊक होतं ना! घरी जाताना छाती रिक्षात मावेना. बोललो मात्र कुणाला नाही.

परीक्षा झाली, यादी लागली. बाहेरच्यांत वैशू नाही. इथल्यांतही नाही!

पोर रडली नाही. गुपचूप बॅग भरायला लागली. ते काही मला बघवेना. तिला आणि हिला घेऊन तडक विभागाच्या मोठ्या बाईंकडे गेलो आणि सुटलोच. मराठी माणसाला इथे किंमत नाही, सगळा वशिला, सगळे चोर! बाई गुजराती, पण मराठी सगळं कळत होतं त्यांना. तरी शांत. आधी मला पाणी दिलं, मग फाइल काढली.

"हिचं काम मला आठवतं," त्या म्हणाल्या. "बाहेरच्यांत ही दुसरी आली असती. पण फॉर्मवर इथली आणि मार्कशीट महाराष्ट्र बोर्डाची, म्हणून अडकलंय. हे खोडलं कोणी?"

फॉर्म टेबलावर. रेघेशेजारी माझी सही, चिखलात रुतलेल्या बैलगाडीसारखी. वैशूने सहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हिने पदर तोंडाला लावला.

"मी," म्हटलं.

"काका, वशिला इथे कोणाचाच चालत नाही," बाई म्हणाल्या. "तुमचासुद्धा."

मग मला लेखी द्यायला लावलं. अर्धा तास लागला. आयुष्यात माझ्या हातून लिहून झालेला सगळ्यात मोठा मजकूर तो: मी खोटं बोललो, पोरीचा दोष नाही.

पण मानलं त्या बाईंना! चोर म्हटलेलं मनात ठेवलं नाही. त्याच दुपारी बाहेरच्यांच्या यादीत वैशूचं नाव दुसरं चढलं. बंगाल-केरळातल्या त्या पोरांच्या तोडीला आमची पोर, सांगा बरं!

निघताना बाई म्हणाल्या, बाहेरच्या मुलांना बडोद्यातला एक पालक दाखवावा लागतो, त्याची सही हवी.

आता कुठे माझी पाळी आली! टोपी नीट केली, पेन उचललं.

वैशूने ते माझ्या हातातून हळूच काढून घेतलं.

"मॅडम," ती हिच्याकडे बोट दाखवत म्हणाली, "आजीची सही चालेल?"