गेनूच्या उमेदवारीसाठी दापोडी ते चाकण

चैत्रात माझी पत्नी यशोदा गेली. तेव्हापासून गावातल्या निदान दहा जणांनी मला काशीला जाऊन येण्याचा सल्ला दिला. प्रवासाने मन हलके होते, असे सगळ्यांचे म्हणणे. प्रवास मी केला. मात्र काशीच्या गाडीऐवजी पुण्याच्या एस.टी.त बसलो, आणि बरोबर गेनूला घेतले. सल्ला देणाऱ्यांना या प्रवासाची हकीकत सांगणे मी लागतो. ती त्यांना आवडेलच असे नाही.

गेनू सोळा वर्षांचा. गावाबाहेरच्या वस्तीतला, आईबाप नसलेला, माझ्याच शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. यशोदा त्याला स्वयंपाकघरात बसवून जेवू घाली. त्यावरून आळीतल्या बायका वर्षभर तिच्याशी बोलत नव्हत्या, आणि तिनेही कोणाची मनधरणी केली नाही. त्याला तलाठी नाहीतर मास्तर करावे, असा माझा हेका. ती म्हणे, त्याच्या वहीकडे काय बघता, हातांकडे बघा. आमच्या घरचे कुलूप, कंदील, विहिरीचा रहाट, सगळे त्यानेच चालते ठेवले होते. लोखंडकाम शिकायचे एवढेच त्याच्या मनात होते, आणि शेवटच्या आजारात तिने माझ्याकडून तेवढेच कबूल करून घेतले. मी आधी आपल्या गावातच तीन ठिकाणी विचारले. एका मालकाने त्याचे आडनाव विचारले. बाकीच्या दोघांना विचारायचीही गरज पडली नाही. तेव्हा मी शाळेत आठ दिवसांची रजा टाकली.

मार्गशीर्षातली थंडी होती. पुण्याहून आगगाडीने दापोडीला उतरलो तेव्हा नदीवर अजून धुके होते. रुळांच्या कडेने कामगारांच्या चाळी, चुलींचा धूर, आणि भोंगा झाला की एकदम भरून वाहणारा रस्ता. एका मोठ्या कारखान्याच्या फाटकाशी गेनूच्या वयाची दहा-बारा मुले भिंतीला टेकून उभी होती. ती रोज येऊन उभी राहतात, असे कळले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला विचारले, आत तुमचे कोण आहे. कोणी नाही म्हटल्यावर तो अगदी सहानुभूतीने म्हणाला, "मग मास्तर, उन्हाला उभे राहा. सावलीत थंडी वाजेल."

तरीही मी आत गेलो. कारकून सभ्य होता. त्याने उमेदवारीचा (काम शिकण्यासाठी राहण्याचा) अर्ज दिला. त्यात 'कारखान्यातील नातेवाईक' असा एक रकाना होता. तो कोरा सोडा, असे त्याने हळूच सुचवले. मी तिथे ठळक अक्षरात 'कोणीही नाही' असे लिहिले. अर्ज नेऊन ठेवताना कारकून म्हणाला की मुलगे आणि पुतणे आधी, मग भाचे, मग उरलेच तर पाहू. मी त्याला विचारले, ज्याला काका-मामाच नाही त्याने लोखंडाला हात लावायचा कधी? त्याने टाक दौतीत बुडवला आणि दुसरे काम काढले.

बाहेर गेनू एका मुलाशी बोलत होता. तो मुलगा दोन वर्षे फाटकावर येत होता. दोन वर्षांत काय शिकलास, असे गेनूने त्याला विचारले तर तो म्हणाला, उभे राहायला. दुपारी एका खाणावळीत आम्ही बाजरीची भाकरी आणि तर्रीची आमटी खाल्ली. गेनूच्या डोळ्यांत पाणी आले. आमटीमुळे, असे त्याने सांगितले.

दुसऱ्या दिवशी पिंपरीला गेलो. एकीकडे माळावर औषधाच्या नव्या कारखान्याच्या भिंती, दुसरीकडे सिंधहून आलेल्या निर्वासितांची वसाहत. देश गेलेल्या या माणसांनी बराकींच्या दारांतच दुकाने मांडली होती. लालचंद नावाचे गृहस्थ एका खोक्यावर बसून स्टोव्ह दुरुस्त करत होते. तिकडे त्यांची कापडाची पेढी होती. मी विचारले, हे काम कोणी शिकवले. "पोटाने, मास्तरजी," ते म्हणाले. "लेकिन पोट मारून शिकवतो. उस्ताद जरा कमी मारतो."

त्यांनी गेनूपुढे एक बिघडलेला स्टोव्ह टाकला. गेनूने तो सगळा खोलला, पुसला, परत जोडला आणि पेटवला. ज्योत निळी आली. खाली फडक्यावर एक वायसर मात्र तसाच उरला होता. लालचंद पोट धरून हसले. तो वायसर त्यांनी गेनूच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "ये तेरी पगार. पुढच्या वेळी काही उरवू नको." त्यांच्या बायकोने आम्हाला कोकी (कांदा घातलेली जाड, खरपूस पोळी) आणि दही दिले. कोणाचा कोण हे तिने विचारले नाही. मला तिथेच त्याला ठेवायचे होते. पण लालचंदच्या हाताखाली आधीच दोन पुतणे होते आणि काम एकाला पुरेल इतकेच. चाकणला जा, असे त्यांनी सांगितले. तिथे इमामभाई म्हणून लोहार आहेत. त्यांच्या धारेचे अवजार पुण्यापर्यंत जाते.

भोसरीवरून मोटार गेली. कडेला ज्वारी कमरेइतकी आली होती. मोशीला इंद्रायणीच्या पुलावर गाडी तापली म्हणून ड्रायव्हरने अर्धा तास थांबवली, तेव्हा गेनू बॉनेटमध्ये डोके घालून उभा राहिला आणि ड्रायव्हरच्या शिव्या खाऊनही हलला नाही.

चाकणच्या बाजारात कांद्याचे ढीग आणि त्यांचा डोळ्यांत जाणारा वास. लोहारांच्या गल्लीत शिरलो तर सगळी दुकाने बंद. एकाही भट्टीतून धूर नाही. मला वाटले, कोणी वारले असावे. एका म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाली, "आवस हाय न्हवं आज. मास्तर दिसताय, आन् एवढं ठावं न्हाई व्हय?" लोहार अमावस्येला भट्टी पेटवत नाहीत. मी पंचांग न बघणारा माणूस आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. त्या दिवशी तो महागात पडला. रजेचे तीनच दिवस उरले होते.

इमामभाई मात्र भेटले. बंद दुकानापुढे बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. साठीचे, दाढी पांढरी, एक भुवई जळालेली. तुम्हीही अमावस्या पाळता का, असे मी विचारले. ते म्हणाले, "गिऱ्हाईक तुमचं, मग सुट्टी बी तुमचीच पाळाया नको का?"

गेनूने स्वतःच आपले नाव, आडनाव आणि वस्ती सांगून टाकली. नंतर कोणी विचारण्यापेक्षा ते बरे, असे त्याने वाटेत ठरवले असावे. इमामभाईंनी त्याचा तळवा उलटसुलट करून पाहिला आणि भाता मारता येईल का, एवढेच विचारले. दोन वेळचे जेवण, झोपायला दुकान, घडवायचे सगळे शिकवीन, म्हणाले. मग त्यांनी सांगितले की पाणी द्यायचे तेवढे शिकवणार नाही.

पाणी देणे म्हणजे तापवलेल्या पोलादाची धार नेमक्या क्षणी पाण्यात बुडवणे. आधी बुडवली तर धार तुटते, उशीर झाला तर वळते. अवजाराचा सगळा जीव त्यात. त्या वेळी इमामभाई दाराला गोणपाटाचा पडदा सोडत आणि पोरांना बाहेर काढत. त्यांच्या उस्तादानेही तेच केले होते. त्यांनी ते चोरून पाहून मिळवले होते. एकाच शागिर्दाला त्यांनी एकदा दाखवले, तो दगडू. त्याने समोरच दुकान टाकले. "सकाळी सलाम करतो," इमामभाई म्हणाले, "आन् दुपारी गिऱ्हाईक नेतो."

मी म्हटले, शाळेत जो मुलगा आम्हाला सोडून जात नाही त्याला आम्ही नापास म्हणतो. ते हसले, पण मान हलली नाही. मग मी, एरवी कोणाशी फार न बोलणारा, त्यांच्या बाजेवर बसलो आणि जे कोणाला सांगितले नव्हते ते बोललो.

"माझ्या घरात गोड्या मसाल्याची बरणी आहे. बायको दर उन्हाळ्यात करायची. मी तीस वर्षे खाल्ला. कशात काय किती, एकदाही विचारले नाही. ती चैत्रात गेली, यंदाचा व्हायच्या आधी. बरणीत आता दोन बोटे उरला आहे. तो संपला की ती चव गेली. कोणाकडेच नाही. तुम्हाला तुमच्या पाण्याचे तेच करायचे आहे का?"

ते बराच वेळ शेंगा फोडत राहिले. फोडलेले दाणे त्यांनी गेनूच्या हातावर ओतले. "तुमच्या पोराला दावीन," ते म्हणाले. "उद्या आणा."

सकाळी भट्टी पेटली. दुकानात आणखी दोघे होते, पुतण्या हुसेन आणि मोशीचा बबन, दोघेही चार-चार वर्षांचे जुने. पाथरवटाच्या छिन्न्या आल्या होत्या. गेनू भाता मारत होता. मी कोपऱ्यात बसलो होतो. पोलाद लाल झाले आणि इमामभाईंनी पडद्याची दोरी सोडायला हात वर केला. हुसेन आणि बबन कोणी न सांगता उठले, हात पुसले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. गेनूही उठू लागला. "तू थांब," इमामभाई म्हणाले. "मास्तरला जबान दिलीय."

बाहेरून बबनचा आवाज आला. "बस की राव. तू जावई हायेस. आमी चार वर्सं पायरी झिजवतोय."

गेनूने भात्याचा दांडा सोडला आणि बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी बसला. "ह्ये बाहेर, तर मी बी बाहेर," एवढेच म्हणाला.

खरे सांगतो, माझ्या तोंडाशी 'आत जा' हे शब्द आले होते. दापोडी मिटली होती, पिंपरी मिटली होती, रजा संपत आली होती. हे एकच दार उघडले होते आणि हा पोरगा ते आपल्या हाताने लावत होता. मग मला स्वतःचीच लाज वाटली. मी उठलो आणि म्हणालो, "इमामभाई, दाखवायचे तर तिघांना दाखवा. नाहीतर आम्ही निघतो."

ते भडकले. "तुमी पोरगं कामाला लावाया आलाय का माझं दुकान मोडाया?"

"लावायला," मी म्हटले. "तिघांना."

भाता बंद, निखारे काळवंडू लागले. सांडशीतली छिन्नी लालाची करडी होत चालली. कोणी हलेना. तेवढ्यात समोरच्या दुकानातून दगडू, तो सोडून गेलेला शागीर्द, ओरडला, "उस्ताद, भाता माराया येऊ का? मला तर समदं ठावं हाय."

इमामभाईंनी त्याला एक लांबलचक शिवी दिली. ती संपेपर्यंत त्यांच्या तोंडावर हसू आले होते. "त्या हरामखोराला ठावं," ते म्हणाले, "आन् घरच्या पोरांना न्हाई. उठा रे. तिघं आत. कोळसा फुकट जातोय."

पडदा त्यांनी तरीही सोडला. उजेडात धारेचे रंग दिसत नाहीत, म्हणून तो लागतोच, हे मला तेव्हा कळले. मी आत सरकलो तर म्हणाले, "मास्तर, तुमी बाहेर. तिघांचं ठरलंय."

मी पायरीवर बसलो. आतून भात्याचा श्वास, आणि मग अगदी हळू आवाज, आमच्या शाळेत पाढे शिकवतानाही इतका हळू कोणी बोलत नाही. बघ, गव्हाळ आला... थांब... जांभळा चढतोय... आता. चर्र झाले. पुन्हा तेच, हुसेनच्या हाताने. पुन्हा, बबनच्या. चौथ्यांदा चर्र झाले आणि लगेच खटकन काही तुटले. इमामभाई म्हणाले, "घाई केलीस. दुसरी घे." ती गेनूची होती. माझ्या शाळेत मी कोणाला दुसरी घे असे किती वेळा म्हणालो, याचा विचार करत मी तिथे बसून राहिलो.

दोन दिवसांनी निघालो. गेनू मोटारीपर्यंत आला नाही. त्याचा भाता चालू होता.

आता आपल्या गावाविषयी. आपल्याकडे तांबटांची आळी आहे, छापखाना आहे, करवतीची गिरणी आहे, सायकलची दोन दुकाने आहेत. प्रत्येक ठिकाणी एक माणूस आहे ज्याच्या हाताला काहीतरी येते, आणि दाराशी अशी मुले आहेत ज्यांना ते हवे आहे. मधे जे लोंबते आहे त्याला तुम्ही व्यवहार म्हणा, रीत म्हणा, आडनाव म्हणा. मी ते मानणार नाही. येत्या सोमवारी शाळा सुटल्यावर सातवी झालेली चार मुले घेऊन मी तांबट आळीपासून सुरुवात करणार आहे. एकाला घेतो, बाकीचे नको, असे सांगू नका. नाही म्हणालात तरी चालेल, आम्ही पायरीवर बसू. उद्या पुन्हा येऊन बसू. बाहेर बसणे मला चांगले जमते.